जांभळ्या पाईचा सूड

"आजच्या दिवसानंतर या घराण्यात न्याय म्हणजे काय, हे पुन्हा कुणाला विचारावं लागणार नाही!" थोरल्या सुनेने ओट्यापाशी उभं राहून जाहीर केलं.

सभेला नवरा एकटाच होता आणि तो एका मोज्याचा जोडीदार शोधत होता.

"सापडला तर सांग," तो म्हणाला.

थोरली कोनफळं किसत होती. सालासकट उकडलेली, आतून गर्द जांभळी. हा कीस नारळाचं घट्ट दूध, कंडेन्स्ड मिल्क आणि लोणी घालून कढईच्या कडा सुटेपर्यंत घोटायचा, मैद्याच्या पारीत भरायचा, वरून दुसरी पारी लावायची आणि ओव्हनमध्ये ढकलायचा. ही विद्या तिला इस्पितळातल्या फिलिपिनो नर्सने दिली होती. दोघींनी एकाच वॉर्डात नोकरीची एकोणीस वर्षं काढली होती. निरोपाच्या दिवशी नर्सने एकच ताकीद दिली होती: याला खायचा सोडा लागू देऊ नकोस, रंग हिरवा होतो आणि चव साबणाची.

आज थोरलीने सोड्याचा डबा हाताशीच ठेवला होता.

सासूबाई राहायच्या लेकीकडे. त्यांच्या वाढदिवसाला थोरली पाई करायची. पण दोन बस बदलताना पाईचा भुगा होतो, म्हणून धाकटी जाऊ आपल्या गाडीतून डबा घेऊन पुढे जायची. पहिल्या वर्षी सासूबाईंनी दारातच विचारलं, "तू केलीस?" धाकटी हसली. खोटं ती एक अक्षर बोलली नाही. नुसत्या हसण्यावर जगात कुठेच खटला भरता येत नाही. थोरली घरचं आवरून मागून बसने पोचली तोवर पाई संपली होती आणि सासूबाई म्हणत होत्या, "हिच्या हाताला चव आहे हो!"

हिच्या म्हणजे धाकटीच्या. थोरलीच्या कशालाही त्यांनी एकतीस वर्षांत चांगलं म्हटलं नव्हतं. भाताला नाही, नोकरीला नाही, त्यांचं मोडलेलं हाड जुळेपर्यंत रजा काढून केलेल्या सेवेलाही नाही. भरल्या घरात "ती माझी, ती माझी" म्हणून ओरडायचं तर शोभा आपलीच. म्हणून ती गप्प बसली. असं तीन वर्षं चाललं. तिला दुसरं काही नको होतं. तेच एक वाक्य हवं होतं, बरोबर पत्त्यावर.

"आयत्या बिळावर नागोबा," ती कढईला म्हणाली. "आज नागोबाला साबण चारते."

पहिला चमचा सोडा घालताना हात जरा थबकला. नर्सचा चेहरा डोळ्यांपुढे आला. दुसरा चमचा सहज गेला.

"अगं, हे हिरवं का होतंय?" नवऱ्याने कढईत डोकावून विचारलं.

"नवीन पद्धत."

"कुणाची?"

"माझी."

संसारात तिसरा प्रश्न विचारायचा नसतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

अकराला धाकटी आली. "ताई, झाली? वास काय सुटलाय!"

"झाली. झाकण मात्र उघडू नकोस हं."

"छे, मी कशाला उघडू? आणि आज तुम्ही दोघंही गाडीतूनच चला. आईंचं ऐंशीवं आहे. तुम्ही बरोबर हव्यात मला."

पहिल्या रांगेतली जागा अशी घरपोच चालून आल्यावर कोण नाही म्हणेल? थोरली डबा मांडीवर घेऊन बसली. वाटभर ती इतकं गोड बोलली की नवऱ्याला काळजी वाटू लागली.

नणंदेच्या घरी वीसेक माणसं जमली होती. सासूबाई मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. "धाकटे, आणलीस का गं?"

थोरलीने डबा धाकटीच्या हाती दिला. धाकटीने डबा टेबलावर ठेवला. पण ती हसली नाही.

"आई, आज सगळ्यांसमोर सांगते. ही पाई ताईंची आहे. आधीच्या तीनही त्यांच्याच. मी फक्त गाडीतून आणत होते. तुम्ही कौतुक करायचात, मला ते गोड लागायचं, आणि मग तोंडच उघडायचं नाही. चुकलंच माझं. ताई, माफ करा."

सगळ्या माना थोरलीकडे वळल्या. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"असू दे गं," थोरली घाईघाईने म्हणाली. "आणि कापू नका ना ती. आत्ताच सगळ्यांची पोटं भरली असतील."

"बघा, किती साधी आमची वहिनी!" नणंद म्हणाली आणि तिने सुरी घातली.

आत पाण्याच्या टाकीचा शेवाळलेला तळ निघाला. एक काका "वा" म्हणायला तोंड उघडून तसेच राहिले. सासूबाईंनी मात्र तुकडा तोंडात घातला. चावला. थांबल्या. पाण्याबरोबर गिळला.

आजची अशी का झाली हे सांगायचं तर सोड्याचंही सांगावं लागणार होतं. थोरलीने पाण्याचा पेला पुन्हा भरला.

सासूबाईंनी धाकटीच्या गालावरून हात फिरवला. "किती मोठ्या मनाची गं तू! जावेला मान मिळावा म्हणून आपली तीन वर्षांची मेहनत तिच्या नावावर केलीस."

"नाही हो आई, खरंच ती ताईंनीच..."

"पुरे. मला काय चव कळत नाही?"

मग त्यांनी थोरलीचा हात हातात घेतला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"सूनबाई, रागावू नकोस हं. एवढं ऐक माझं. पुढच्या वर्षी धाकटीलाच करू दे."