चिमूटभर कळ

भूलतज्ज्ञ डॉक्टर इरावतींनी ऑपरेशनच्या आधी कुमुदिनीबाईंचा डावा हात हातात घेतला आणि विचारलं, "किती दुखू द्यायचं?"

सावंतवाडीत लाकडी खेळणी रंगवणाऱ्या बाईंना हा प्रश्न नवा नव्हता. कापण्याआधीच टोचलेल्या औषधामुळे जखमेची खबर मेंदूपर्यंत पोचतच नसे. पुढचे पंधरा दिवस ती किती पोचू द्यायची, हे पेशंटनं ठरवायचं. गेल्या वर्षी उजव्या मनगटाच्या वेळी बाई "काहीच नको" म्हणाल्या होत्या. तिसऱ्याच दिवशी त्या रंगवायला बसल्या आणि टाके उसवले, तरी त्यांना कळलं नाही. रक्त पाहिलं ते लेकीनं.

"या खेपेला थोडं राहू दे," त्या म्हणाल्या.

"थोडं म्हणजे किती?"

बाईंनी असं कधी मोजलंच नव्हतं. "रडू येऊ नये. पण हाताला जपायची आठवण राहावी, इतकं."

डॉक्टरांनी हसून मात्रा ठरवली.

चौथ्या दिवशी बाईंनी सवयीनं रंगाचा डबा उचलला. मनगटात बारीक कळ आली. त्यांनी डबा लगेच खाली ठेवला.

"अगो, हंय ये! दुखता!"

लेक घाबरून धावत आली, तर बाई मनगटाकडे बघत हसत होत्या.