शेवटच्या माणसाची साक्ष

मंत्री आणि त्यांची माणसं जिना चढताहेत असं कळताच लेकीने खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि ती वडिलांच्या खाटेशी येऊन बसली.

"बाबा, ऐका. ते कॅमेरा घेऊन येताहेत. राज्यघटनेवर सह्या केल्या त्या सकाळी तुम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती का, असं विचारतील. नाही म्हणा."

वडिलांनी डोळे उघडले. सह्या करणाऱ्यांपैकी आता ते एकटेच मागे उरले होते. अंग लुळं पडलं होतं, पण जीभ शाबूत होती.

"केली होती की," ते म्हणाले.

"माहीत आहे मला. तरी नाही म्हणा. पाया पडते तुमच्या."

देवापुढे हात जोडल्याशिवाय जन्मात कधी घास न घेतलेला माणूस, आणि पोटची पोर त्याला देव नाकारायला सांगत होती. पण तिचा नवरा दुसऱ्या धर्माचा होता. हा देश एकाच धर्माचा, असं उद्या सभागृहात ठरायचं होतं. देश घडवणाऱ्यांच्या मनात तेच होतं म्हणे, आणि त्या सकाळची प्रार्थना हा त्याचा पुरावा. परवापासून लेकीच्या गल्लीतली दुकानं फुटत होती. नवऱ्याच्या शिवणकामाच्या दुकानावर कुणीतरी कोळशाने फुली मारून गेलं होतं. तो मात्र शटर ओढून आतच बसला होता. "सासरे जिवंत असताना मला कोण हात लावतंय?" असं वर हसून म्हणाला होता.

"देवाच्या बाबतीत खोटं बोलू मी?"

"माझ्यासाठी बोला. एकदाच."

ते म्हणाले, "खोटं कशाला? खरं सांगितलं तरी तुझं काम होईल. सगळं सांगतो मी. तू रडू नकोस."

दारावर थापा पडल्या. तिने कडी काढली.

मंत्र्याने वाकून म्हाताऱ्याचा हात हातात घेतला. "आजोबा, एकच विचारतो. त्या सकाळी तुम्ही प्रार्थना केली होती ना?"

"हो, केली होती. सगळ्यांनी."

"झालं!" मंत्री मागे वळून म्हणाला. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला.

"अहो थांबा, त्यांचं बोलणं संपलेलं नाही!" लेक कॅमेरावाल्याच्या दंडाला लोंबकळली. त्याने तिच्याकडे न बघता हात सोडवून घेतला.

"ताई, दम लागेल त्यांना. पडू द्या जरा," मंत्री म्हणाला, आणि बूट जिन्यावरून खडखडत उतरले. पुढचं टिपून घ्यावं, तर तिचा फोन खाली पहाऱ्यावर आधीच काढून घेतला होता.

वडिलांना यातलं काही उमगलं नव्हतं. धापा टाकत, एकेक शब्द गोळा करत ते सांगतच होते. "ज्याने त्याने आपापली केली. कुणी गुडघे टेकले, कुणी नुसते डोळे मिटले. भीती वाटत होती गं सगळ्यांना. आमच्यातला एक देव मानत नव्हता. तो बाहेर दाराशी उभा राहिला, आम्हाला कुणी मध्येच उठवू नये म्हणून. मग आत येऊन म्हणाला, यातलं कागदावर काय घ्यायचं? आम्ही म्हटलं, काही नाही. ज्याचा देव त्याच्यापाशी. देशाच्या कागदावर एकाचाही नको."

ती खिडकीकडे धावली. "ऐका! पुढचं ऐका!" रस्ता माणसांनी फुलला होता. कुणी वर पाहिलं नाही.

आणि खालून कर्ण्यातून आवाज घुमला. हो, केली होती. सगळ्यांनी. गर्दीने आरोळी ठोकली. तेच वाक्य पुन्हा लागलं. पुन्हा आरोळी. घोळका तिच्या गल्लीच्या दिशेने वळू लागला.

वडिलांनी उशीवरची मान थोडी कलती केली.

"कोण बोलतंय गं?"

तिने खिडकी लावून घेतली, तरी आवाज येतच राहिला.

"माणूस बरोबर सांगतोय," ते म्हणाले. "पण पुढचं का सांगत नाही?"