काळुरामचा वस्तरा

धारवाल्या नाथाने धारेचं चाक थांबवलं आणि वस्तऱ्याचं पातं पाण्यात बुडवलं.

"तापलं की पोलाद मेलं," तो म्हणाला. "मग कितीबी घासा, धार टिकत नाय."

दिपिका स्टुलावर बसून बघत होती. डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट बदलून घेऊन ती पेणहून रोह्याला आली होती. पेणला रामवाडीतल्या तिच्या घरच्या सलूनमध्ये पुराचं पाणी शिरलं, तेव्हा तिच्या वडिलांचा, काळुरामचा वस्तरा महिनाभर चिखलात राहिला. सापडला तो गंजाने खड्डे पडलेला. तेव्हापासून काळुरामने ना दुकान उघडलं, ना स्वतःची दाढी केली.

"जायचं तर नाथाकडंच जा. त्याच्या बापाच्या हाताखाली शिकलो मी," एवढंच तो बोलला होता.

नाथाने डोळे मिटून पातं पुन्हा चाकाला लावलं. बोटांनी दाब द्यायचा, कानांनी आवाज ऐकायचा. गंजाखालून एक पांढरी रेघ उजळत गेली. दिपिका स्टुलावरून पुढे वाकली. एवढ्या घाणीखाली एवढं तेज?

"काका, जादूच हाय तुमच्या हातात!"

नाथा हसला. चाक फिरत राहिलं. मग त्याने ते एकदम बंद केलं आणि वस्तरा फडक्यात गुंडाळला.

"आज नाय होणार गो. शुक्रवारी ये."

शुक्रवारी त्याने फडकं उघडलं. जुनी शिंगाची मूठ तशीच, पण पात्यात दिपिकाला स्वतःचा डोळा दिसला. नाथाने एक केस धारेवर सोडला. केसाचे दोन तुकडे झाले, आवाजसुद्धा आला नाही. दिपिकाने नकळत हात जोडले.

घरी काळुरामने वस्तरा उघडला. नखावर हळूच टेकवून बघितला. मिटून पुन्हा उघडून पाहिला.

"बाबा, बरा झालाय ना?"

"व्हय. हाताच्या ओळखीचा हाय."

त्याने गालांना साबण लावला आणि आरशासमोर बसला. महिनोन्‌महिने वाढलेली दाढी लोण्यासारखी उतरत गेली. हात कुठे अडला नाही.

"उद्या दुकान उघडतो," तो म्हणाला.

दिपिकाचे डोळे भरून आले. "थांबा, नाथाकाकांना फोन करते. कमाल केली त्यांनी."

काळुराम पातं पुसत होता.

"कर. आणि सांग त्याला, माझा वस्तरा त्याच्या चाकावर तुटला असणार, तुटला तर तुटला. ज्याच्यावर मी हजामत शिकलो, तो स्वतःच्या बापाचा वस्तरा त्यानं मला द्यायला नको होता."