झाकण नको

दमणच्या समुद्राने केदारला नेलं, त्याचा देहही परत दिला नाही. निघताना तो नेहमीसारखं "येतो गं" म्हणाला होता. त्या एका शब्दावर त्याची आई, सुलभाताई, वर्षभर तगून होती, हे अरविंदरावांना ठाऊक होतं.

घरात खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी हवी हा केदारचाच जुना हट्ट; आता तो दोघं पुरवायला निघाले होते. सिल्वासाच्या मत्स्यालयाच्या दुकानात दुकानदार ललित सामान दाखवत होता.

"हीटर मोठा द्या," सुलभाताई म्हणाल्या. "त्याला गारठा सोसत नाही."

"माशांना छोटा बी चालतो, ताई."

"आणि वर झाकण नको."

"अहो, उडी मारून बाहेर पडतात ते!"

"मग? बाहेर यायला वाट नको?"

अरविंदरावांनी बायकोकडे न बघता टाकीत लाटा उठवणाऱ्या पंपाचं खोकं उचललं.

रविवारी ललितने त्यांच्या डोकमर्डीच्या घरी येऊन टाकी बसवली, खारं पाणी भरलं. "आता पंप चालू करा, काका," म्हणून तो हात धुवायला गेला.

चपक्. काचेवर लाट आदळली. मग दुसरी, पहिलीपेक्षा मोठी.

सुलभाताई केदारचा टॉवेल घेऊन धावल्या आणि टाकीवर ओणवल्या. "आलास? ये, डोकं पुसते."

अरविंदरावांनी मूठ उघडून पाहिली. पंपाचा प्लग अजून त्यांच्या हातातच होता.