पडद्यामागचा अकरा नंबर

अकरा नंबरने चेलोवर पहिला सूर लावला आणि प्रतिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

स्टेजवर काळा पडदा होता. वाजवणारा कोण, हे परीक्षकांना कळू नये म्हणून. बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष तेही ओळखू येऊ नये म्हणून वाटेवर जाड गालिचा अंथरला होता. नाव नाही, फक्त नंबर. प्रतिमा वाजवायची त्या न्यू जर्सीतल्या ऑर्केस्ट्रात नोकरी अशीच मिळते. आज प्रतिमा धरून नऊ परीक्षक, त्यातले सहा ‘येस’ हवेत.

प्रतिमाला नाव लागतच नव्हतं. चेलोचा गज वळवण्याआधी नाकातून ओढलेला तो श्वास तिला सातव्या रांगेत ऐकू आला. मग वरच्या सुरापर्यंत त्याच बोटाने, किंचित उशिरा, घसरत पोचणं. असं एकच माणूस वाजवतो. ल्युसियाँ व्हारेन.

फ्रान्समधल्या ल्योंच्या खाटकाचा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी पॅरिसमध्ये पहिलं बक्षीस, तिशीच्या आत नावाजलेलं क्वार्टेट, रेकॉर्ड, दौरे. मग उरलेल्या तिघांशीही भांडून अमेरिकेत प्राध्यापक. तिथे तीस वर्षं पोरांना रडवलं. तक्रारींचा ढीग साचल्यावर गेल्या वर्षी विद्यापीठाने हाकललं. आणि आता सहासष्टाव्या वर्षी शेवटच्या रांगेतल्या खुर्चीसाठी अर्ज! ही कुजबुज महिनाभर चालली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

प्रतिमा चार वर्षं त्याच्या हाताखाली शिकली होती. पदवीच्या कार्यक्रमाला आठवडा उरला असताना त्याने बारा मुलांसमोर तिचं मनगट धरून वर केलं. “हे हात पीठ मळायला बरे आहेत,” म्हणाला, आणि तिला वर्गाबाहेर काढलं. सव्वीस वर्षं झाली. ते मनगट अजून दुखतं असं तिला वाटायचं.

त्या दिवसापासून तिने स्वतःच्या वाजवण्यातून त्याचं सगळं पुसून टाकलं. मुलीला, रुहीला, पाचव्या वर्षापासून पार्सिपनीच्या घरी बेसमेंटमध्ये स्वतः शिकवलं ते याचसाठी. असल्या माणसाचा वाराही पोरीला लागता कामा नये. ती रुही आता कॅलिफोर्नियात सांता क्लाराला सॉफ्टवेअरमध्ये होती आणि दोन वर्षांत तिने चेलोचं नाव काढलं नव्हतं. प्रतिमाला त्याचाही राग होताच, पण तो घरातला.

सगळ्यात मोठा संताप याचा, की अकरा नंबर सुंदर वाजवत होता. शेजारच्या परीक्षकाने तर डोळे पुसले.

मतं जेवणानंतर द्यायची होती. प्रतिमाने बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला.

“संजीव, व्हारेन आलाय.”

“कुठे?”

“ऑडिशनला. मी रिहर्सलला म्हणून आले, तर परीक्षकांतल्या हेलनला ताप. तिच्या जागी मला पॅनेलवर बसवलं.”



“आज? तू पॅनेलवर आहेस?”

“हो. आणि मी ‘नो’ लिहिणार आहे.”

“पडद्यामागे कोण आहे ते तुला काय माहीत?”

“मला बरोब्बर माहीत आहे.”

“प्रतिमा, वाजवणं जज कर. माणूस नको. प्लीज.”

“तुला त्या म्हाताऱ्याचा एवढा पुळका कशाला?”

“पुळका नाही गं. एक मिनिट ऐक तर—”

तिने फोन कट केला. नवऱ्याचं शहाणपण ऐकायची ही वेळ नव्हती. हॉलच्या दाराशी सगळ्यांसारखा तिनेही फोन जमा केला आणि जागेवर जाऊन बसली.

चिठ्ठीवर तिने ‘नो’ इतक्या जोरात लिहिलं की कागद फाटला. अरुणने चिठ्ठ्या मोजल्या. तीन महिन्यांपूर्वी टेक्ससमधल्या प्लेनोहून आलेला हा ऑर्केस्ट्राचा नवा मॅनेजर. अजून त्याला कोणाचं कोण ते धड ठाऊक नव्हतं.

“अकरा नंबर. पाच येस, चार नो,” तो म्हणाला. “सॉरी. मी आत जाऊन सांगतो.”

प्रतिमाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. व्हारेनचं पडलेलं तोंड बघायचंच म्हणून ती स्टेजमागच्या कॉरिडॉरमध्ये गेली. तिथे अरुण एका खोलीतून बाहेर येत होता.

“व्हारेन इथे आहे का?”

“व्हारेन? त्याने तर मंगळवारीच कॅन्सल केलं.”

त्याच्यामागून दार पुन्हा उघडलं. पाठीवर चेलोची केस, कुर्त्यावर अकरा नंबरचा स्टिकर, डोळे लाल झालेले. प्रतिमाला बघताच ती येऊन गळ्यात पडली.

“तुला सरप्राइज द्यायचं होतं यार,” रुही हुंदके देत म्हणाली. “तू शिकवलंस तस्संच वाजवलं. वन व्होट, आई. जस्ट वन व्होट.”