दोन्ही आवाज

बर्लमामानं पिकअपची दोन्ही दारं सताड उघडली आणि विल्डाच्या नव्या अल्बममधलं शेवटचं गाणं लावलं. थडग्यांवर फुलं मांडणारी माणसं हातातलं काम टाकून गाडीभोवती जमली. मे महिन्यातला हा रविवार गेलेल्यांचा, पण आज त्यांनाही जरा थांबावं लागलं.

अल्बममध्ये विल्डाची तीस वर्षांतली निवडक गाणी होती आणि मोठमोठ्या गायकांबरोबरची युगुलगीतं. डोंगरातल्या या लोकांना त्या गायकांचं कसलं कौतुक! त्यांना हवं होतं ते शेवटचं. दोघी बहिणींचं, आईनं शिकवलेलं. धाकटी विल्डा मूळ चाल धरायची आणि थोरली ओमा तिच्यावर वरचा आवाज लावायची. "आपलं गाणं घेतलंय," असं विल्डानं फोनवर सांगितलं, तेव्हापासून ओमानं चर्चमधल्या एकाही माणसाला सांगायचं ठेवलं नव्हतं. गावच्या रेडिओवर दोघी एकाच माइकसमोर गायल्या होत्या, तीच जुनी टेप असणार, असं ती धरून चालली होती.

बँजो वाजला. दोन आवाज उठले. दुसऱ्या ओळीत, एका शब्दाच्या ऐन मधोमध, वरच्या आवाजानं श्वास घेतला. रेडिओवर गाताना ओमाला सातवा महिना होता, दम पुरला नव्हता. ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"ओमे, मेले, रडवलंस की गं मला," मामीनं तिला मिठीच मारली.

ओमाचं लक्ष बँजोकडे होतं. रेडिओवर त्या दिवशी बँजोवाला आलाच नव्हता. तिनं सीडीचं वेष्टन उलटं केलं. प्रत्येक युगुलगीतापुढे सोबतच्या गायकाचं नाव होतं. शेवटच्या गाण्यापुढे लिहिलं होतं: दोन्ही आवाज, विल्डा.

विल्डा थडग्यांच्या पलीकडे मांडलेल्या जेवणाच्या टेबलापाशी मक्याचा पाव कापत होती. ओमानं वेष्टन तिच्यापुढे धरलं.

"हे काय आहे?"

"टेप खराब झालीय गं. कंपनीवाले म्हणाले, दोन्ही तूच गा, आम्ही एकावर एक बसवतो."

"मला बोलवायचंस. चार तासांचा तर रस्ता. चालत आले असते मी."

"अगं, तुझा आवाज आता..." विल्डानं सुरी खाली ठेवली. "त्यांना पूर्वीचाच हवा होता. आठ दिवस बसले होते त्यासाठी. तुझा तो श्वाससुद्धा घेतला, ऐकलास ना? कुणाला कळलं तरी का?"

"नाही कळलं," ओमा म्हणाली.

सख्ख्या बहिणीनं आवाज उचलला आणि वर ती शाबासकी मागत होती. तिनं एखादी परकी बाई उभी केली असती, तर ओमाला एवढं लागलं नसतं. आणि ही सगळी माणसं, पन्नास वर्षं प्रत्येक मयताला ओमाचा आवाज ऐकणारी, तीही फसली होती. ओमाला रडूसुद्धा येईना.

"चला गं पोरींनो, आईकडे," बर्लमामानं हाक दिली. साठी उलटली तरी त्याच्या लेखी दोघी पोरीच. दरवर्षी आईच्या थडग्यापाशी त्या हेच गाणं म्हणायच्या, वाद्याशिवाय.

पुरुषांनी टोप्या काढल्या. पहिली ओळ विल्डाच्या एकटीची, ती तिनं छान म्हटली. दुसऱ्या ओळीला वरचा आवाज यायचा. तो आला नाही. विल्डा एकटीच चार शब्द पुढे गेली, तिचा सूर डगमगला, आणि ती थांबली. सगळे ओमाकडे बघायला लागले.

ओमा वाकून थडग्यावरचं गवत उपटत होती.

"थांबलीस का?" मान वर न करता ती म्हणाली. "लाव की वरचा."