मागावर कोण आहे?

धुळाप्पा सनगरांनी पुण्याच्या शोरूममधली घोंगडी नाकाशी धरली. विणण्याआधी लोकरीच्या धाग्याला देतात त्या चिंचोक्याच्या खळीचा वासच तिला नव्हता.

"ही मी विणलेली न्हाई," ते म्हणाले.

विक्रेती हसली. तिनं घोंगडीच्या शिक्क्यावर मोबाईल धरताच धुळाप्पांचा फोटो, आटपाडी गाव आणि प्रत्येक धाग्याची वेळ उमटली.

"काका, ही ब्लॉकचेनवरची नोंद आहे. क्षणात होते, बल्बएवढीही वीज खात नाही, कुणाला बदलता येत नाही. उगाच का मोठमोठे ब्रँड तिच्यामागे लागलेत?"

"पण लिहितं कोण?"

"तुमच्या मागाला बसवलेलं कंपनीचं यंत्र."

धुळाप्पांनी प्लास्टरमधला उजवा हात पुढे केला. "माझा माग दोन महिने बंद हाय. कोळ्यानं जाळं धरलंय त्यावर."

विक्रेतीचं हसू मावळलं. ओळख पटवायला तिनं मोबाईलवर त्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. पडद्यावर अक्षरं आली: 'धुळाप्पा सनगर सध्या आटपाडीत मागावर आहेत. शेवटचा धागा तीन सेकंदांपूर्वी.'

तिनं त्यांच्या हातातली घोंगडी काढून घेतली.

"खरं सांगा," ती म्हणाली, "तुम्ही कोण आहात?"